भासऱ्याच्या पाठीला लागलेला पाय

आमच्या वहिनीने अर्ध्या तालुक्याला लाथा मारल्या आहेत, आणि त्याबद्दल तिला कोणी कधी वावगा शब्द बोललं नव्हतं. उलट लाथ खाऊन झाली की लोक तिला वांगी, वाल, हंगामात टोपलीभर मोहफुलं आणून देत. वहिनी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले की ते मूल पायाळू, आणि पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली चमक उतरते, असं आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, सगळेच मानतात. मी वडशाच्या अंगणवाडीत जन्म घालवला, बायांना लसी आणि पोषण शिकवलं, तरी कंबर धरली की मीसुद्धा माहेरी येऊन वहिनीपुढे पालथी पडते. उगाच शहाणपणाचा आव आणत नाही.

लाथ आपली म्हणायला. माणसाने जमिनीवर पालथं निजायचं, वहिनीने डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी टेकवायची आणि झटकन काढायची, बस. पण तेवढ्यानेही ती कानकोंडी व्हायची. पाय लावून झाला की ज्याला लावला त्याच्या पाया पडायची, मग तो तिच्या नातवाएवढा का असेना. वडशाचे बाबूभाई शिंपी दरवर्षी नाटकांच्या दिवसांत यायचे. झाडीपट्टीच्या मंडळ्यांचे पडदे शिवून शिवून त्यांची पाठ धरायची. वहिनी वाकली की ते हात जोडून म्हणायचे, "भाभी, कमाल करता तुम्ही. एक तर मले बरं करता आन् वरून मलेच शरम आणता."

पावसाळ्यात पायाळू माणसावर वीज पडते म्हणून तिला कोणी झाडाखाली उभं राहू देत नसे. धानाच्या रोवणीला गेली तर आभाळ भरून येताच बाया म्हणत, "पायाळूबाई, तुमी घरी जा." तेव्हाही ती अपराध्यासारखी बांधावरून निघून यायची. विजेचासुद्धा दोष आपलाच असं मानणारी बाई ती. मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अजून येतो.

अख्ख्या गावात तिचा पाय एकाच माणसाला लागला नव्हता. तो म्हणजे माझा थोरला भाऊ, नानाजी. वहिनीचा नवरा डोमा माझा धाकटा भाऊ, म्हणजे नानादादा तिचा भासरा. आमच्याकडे भासऱ्यापुढे भावसुनेने डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि अंगाला अंग लागण्याचा तर प्रश्नच नाही. नव्या पोरी आता हे काही पाळत नाहीत. दादाची सून रंजीता सासऱ्याशी फोनवर खदाखदा हसत बोलते. पण या दोघांनी ते असं धरून ठेवलं होतं की सोडा म्हणायची कोणाची छाती होत नव्हती.

डोमा गेला, मग दादाची बायको गेली. दादाचा मुलगा प्रणित नोकरीसाठी चंद्रपूरला. एका अंगणात दोन घरं, एकात तो, दुसऱ्यात ती. त्याची भाकरी, भाजी, भात सगळं तीच करायची. पण बोलणं नाही! वहिनी ताट ओट्यावर ठेवायची आणि खांबाकडे पाहून म्हणायची, "आज वरण गरम हाय म्हणावं." दादा बैलाला सांगायचा, "मीठ कमी पडलं म्हणा." मी माहेरी गेले की दोघांची सुटका व्हायची, कारण बोलायला खांबाऐवजी मी सापडायचे. मी एकदा चिडून म्हटलंही, "अरे, मी काय टपालखातं आहे का?" दादा हसला. वहिनी आत पळाली.

गेल्या हिवाळ्यात गावच्या मंडईला मी आले होते. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. दिवसा दुकानं, मग नाटक. सकाळी मी शेजारणींबरोबर दुकानं पाहायला गेले. परत येते तो अंगणात माणसांचा घोळका. गोठ्यात, बैलांच्या पायाशी, दादा पालथा पडलेला, घामाने धोतर ओलंचिंब. आणि वहिनी भिंतीला चिकटून उभी, पदर तोंडात कोंबलेला.

बिरजूची बायको पहिल्यांदा मलाच येऊन सांगती झाली. तिचं घर कुडाच्या पलीकडे. "बाई, म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. पायाळूबाईनं भासऱ्याले लाथ मारली. आन् लाथ मारल्याबरोबर नानाजी ओरडले ते उठलेच नाई."

मग एकेक कळत गेलं. दादाला सकाळी बैल सोडताना पाठीत, खांद्यांच्या दोन्ही पाखांच्या मधोमध, अचानक फाटल्यासारखं दुखलं. चमक भरली म्हणून तो तिथेच टेकला. पायाळू तर घरातच होती, पण भावसुनेला कसं सांगणार? बिरजूला त्याने दुसऱ्या गावच्या पायाळू माणसाकडे पिटाळलं. तो माणूस भेटला नाही. असा अर्धा दिवस वाया गेला. लाजेपायी वाया गेला, मी तर स्पष्टच म्हणते. दवाखाना कोणाच्या मनातही आला नाही, कारण चमकेला कोणी दवाखान्यात जातं का?

मी दादाच्या पायाला हात लावला. डावा पाय ऊन होता आणि उजवा थंडगार. "बाई, हा पाय माहा नाईच वाटत," तो म्हणाला. तेव्हा मी घाबरले. वडशाच्या संघपालची भाड्याची गाडी मंडईसाठी आलेलीच होती. दादाला मागच्या सीटवर निजवलं. वहिनी काही न विचारता पुढे येऊन बसली, चपला न घालता.

ब्रह्मपुरीला डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, ती ठीक निघाली. रक्तदाब मात्र इतका वाढलेला की त्यांनी मशीन बदलून पुन्हा मोजला. पायाची नाडी लागेना म्हटल्यावर म्हणाले, इथे थांबू नका, नागपूरला न्या. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात प्रणित चंद्रपूरहून परस्पर येऊन पोचला होता. दादाला त्या गोल मशीनमध्ये घालून फोटो काढले आणि मग एका डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. वय फार नव्हतं, पण समजावून सांगायची हातोटी होती.

"हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते ना, ती छातीतून पाठीच्या कण्याजवळून खाली पोटात जाते," ते म्हणाले. "तिच्या भिंतीला थर असतात. काकांच्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटलाय. कोटाचं अस्तर उसवतं आणि हात भलतीकडेच शिरतो, तसं रक्त दोन थरांच्या मध्ये शिरलंय. त्या दाबाने पायाकडे जाणारी वाट बंद होत चालली आहे."

"मग पोट फाडावं लागतं का?" मी विचारलं.

"छाती उघडता येते, पण या वयात ते झेपणं कठीण. आपण जांघेतल्या नसेत छोटं छिद्र पाडून तिथून तार वर नेऊ. तारेवरून कापड लावलेली जाळीची नळी नेऊन फाटक्या जागी आतून उघडायची. भोक बुजलं की रक्त आपल्या वाटेने जाईल. धोका आहेच, तो नाही म्हणत नाही. पण उघड्या ऑपरेशनपेक्षा कमी." मग कागदावर मान घालून त्यांनी सहज विचारलं, "पडले होते का? पाठीला काही मार लागला होता?"

"नाही, नाही," प्रणित घाईने म्हणाला. "काहीच नाही. एकदम दुखायला लागलं."

प्रणितला गावात काय घडलं ते फोनवर कळलं होतं. पण इंजिनियर माणूस. नागपूरच्या डॉक्टरांपुढे, आमच्याकडे पाठीत लाथा मारतात, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. कान लाल झाले होते त्याचे. वहिनीने मागून माझं लुगडं ओढलं. "बाई, सांगा ना त्याईले. खोटं बोलून दवा चुकन ना."

मी सांगितलं. पायाळू म्हणजे काय, टाच कुठे लावली, सगळं. प्रणित खिडकीबाहेर बघत राहिला. डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"दुखणं आधी की लाथ आधी?" त्यांनी विचारलं.

"दुखणं. ते तर सकाळपासून होतं."

"मग फाटलं ते सकाळीच. दुखलं तेच फाटण्याचं दुखणं होतं. टाच टेकल्याने ही रक्तवाहिनी फाटत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला असला की फाटते. गोळ्या चालू होत्या का?"

गोळ्यांचं कोणालाच माहीत नव्हतं. नंतर खुद्द दादाकडूनच कळलं की आरोग्य केंद्रातून त्याला रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. रोज गोळी खाणारा माणूस म्हणजे कामातून गेलेला, असं लोक म्हणतील म्हणून त्याने त्या घेतल्याच नाहीत. हा आमच्या घरातला कर्ता पुरुष!

वहिनी दाराशीच उभी होती. मी तिला म्हटलं, "ऐकलंस ना? तुझा काही दोष नाही." तिने मान हलवली. पण चेहरा उतरलेला तो तसाच. मला वाटलं, दादाची काळजी असेल.

ऑपरेशन झालं. छातीला सुरी लागली नाही. उजव्या पायात ऊब आली तेव्हा मी स्वतः हात लावून पाहिली आणि तिथेच रडले. काही दिवसांनी दादा आपल्या पायांनी चालत गाडीत बसला. डॉक्टरांनी बजावलं: गोळ्या जन्मभर, जड उचलायचं नाही, तपासणीला ठरल्या वेळी यायचं. मी कान धरून ते त्याच्याकडून वदवून घेतलं आणि त्याची सोय लावून द्यायला थोडे दिवस माहेरीच राहिले.

खरा घोळ पुढेच झाला. आमच्याकडे कोणाचं ऑपरेशन झालं की अख्खं गाव भेटायला येतं, आणि भेटायला येणाऱ्याला टाके दाखवायचे असतात. सदरा वर करायचा, लोकांनी चुकचुकत "अबब, केवढं फाडलं" म्हणायचं, म्हणजे भेट पुरी झाली. सुकलूचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने महिनाभर सदराच घातला नव्हता. दादाकडे लोक आले, बसले, चहा प्याले आणि वाट पाहू लागले. दादा काही दाखवेना. सदऱ्याच्या आत डोकावून पाहिलं तर छाती कोरी, पोट कोरं.

"नागपूरले नेऊन मंग केलं तरी काय?" सुकलूने विचारलं.

"आतून केलं," दादा पुटपुटला.

"आतून म्हंजे कुठून?"

जांघ हा शब्द दादाच्या तोंडून चारचौघांत निघणं शक्य नव्हतं. ज्या माणसाने बहिणीसमोर कधी धोतर नीट केलं नाही, तो काय सांगणार! तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजला.

मग गावाने आपलं शास्त्र जुळवलं. एवढी मोठी नस फाटली असती तर टाका नको का? टाका नाही, म्हणजे नस फाटलीच नव्हती. पाठीला मार बसला होता, तो सुया देऊन उतरवला. मार कशाचा? तो तर बिरजूच्या बायकोने डोळ्यांनी पाहिलेला. भासऱ्याला पाय लावला, देवाने दाखवलं. कोणी म्हणालं, तिने रागानेच मारली असेल, इतकी वर्षं त्याचं रांधून रांधून कंटाळली असेल. हातपंपावर वहिनी आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "जरा सांभाळून वं, लाथ लागन."

मी हातपंपावर जाऊन भांडले. डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. बिरजूची बायको म्हणाली, "बाई, तुमी घरच्याच हाव. तुमी तसंच सांगनार." मी तशीच पाय आपटत घरी आले.

वहिनीकडे पाठ घेऊन येणारे बंद झाले. ती तर जणू सुटल्यासारखी घरात बसली, पण खाणं तुटलं. दादाचं ताट ओट्यावर ठेवायची आणि खांबाशीसुद्धा बोलायची नाही. मी विचारलं, "तू आपणहून गेलीस का पाय लावायला? तुला कोणी सांगितलं?" ती नुसती मान खाली घालायची. दादाला विचारलं, तर तो म्हणायचा, "मले काय याद हाय? मी दुखण्यात होतो." मला त्याचा सुरुवातीपासून संशय होता. त्याला खोटं बोलता येत नाही, डोळे भिरभिरतात.

"दादा," मी शेवटी म्हटलं, "जांघेतली खूण निदान पुरुषांना तरी दाखव. तिची अब्रू चालली आहे."

"तुले काई लाज हाय का?" तो ओरडला. "आन् नुसती जांघ दाखवून थोडंच होते?"

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी रागाने दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

अशात बाबूभाई आले. बसमधून उतरून वाकडेतिकडे चालत, एक हात पाठीवर. त्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं. अंगणात दादाला भेटायला आलेले लोक बसलेले, बायाही होत्या. बाबूभाईंनी सगळ्यांना सलाम केला आणि सवयीने वहिनीच्या दाराकडे वळले. "भाभी, मेहेरबानी करा. दोन पडद्यांचं काम अडलं हाय, मशीनवर बसता येऊन नाई राह्यलं."

वहिनी दारात आली. "नाई, बाबूभाई," ती म्हणाली. "माह्यानं आता होत नाई. तुमी डॉक्टरले दाखवा." बरोबरच होतं ते. पण तिचा आवाज असा निघाला की मला भडभडून आलं.

बिरजूच्या बायकोला तेवढ्यावर थांबवेना. "चाचा, जीव वाचला समजा. ती आता चमक नाई काढत, नस फाडते."

दोघीतिघी हसल्या. एक पुरुषही हसला. वहिनी दारातच उभी राहिली, आत जायलाही तिला पाय उचलेना.

दादा बाजेवरून उठला. मला वाटलं, घरात निघून जाईल. तो अंगणाच्या मध्यात आला, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याने धोतराचा सोगा उजव्या बाजूने वर ओढला, पार कमरेपर्यंत. बायांनी माना फिरवल्या.

"पाहा ना आता!" त्याचा आवाज फाटला होता. "टाका पाह्याचा होता ना तुमाले? हा घ्या. इथून घातली नळी. नस सकाळीच फाटली होती, गोळ्या म्या खाल्ल्या नाई म्हणून फाटली. तिच्या लाथेनं नाई." धोतर त्याने अजून सोडलं नव्हतं. "आन् लाथ ती मारतच नव्हती. दाराशी उभी राहून रडत होती. म्याच म्हटलं. दुखणं सोसून नाई राह्यलं म्हणून म्याच म्हटलं, कमळा, मार. दोनदा म्हटलं. कमळा, ये, मार. इतके दिवस म्या तोंड उघडलं नाई, कारण मले लाज वाटली. तिची लाज गेली तरी म्या माहीच झाकून बसलो."

कमळा म्हणजे कोण, ते मलासुद्धा क्षणभर लक्षात आलं नाही. वहिनीचं नाव कमळा आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

बाबूभाई पुढे झाले आणि त्यांनी दादाच्या हातातून धोतर सोडवून खाली केलं. "बस, नानाभाई, बस," ते म्हणाले. सुकलू म्हणाला, असं धैर्य पाहिजे बा. बिरजूची बायको घागर नसताना पाण्याला जाते म्हणून निघाली. मला इतका आनंद झाला होता की दादाचा सगळा राग मी विसरले. वहिनीला मिठी मारावी म्हणून मी आत धावले.

ती चुलीपाशी जमिनीवर बसली होती. पदर तोंडावर ओढलेला.

"झालं ना आता?" मी म्हटलं. "आता कोणाची बिशाद आहे तुला बोलायची?"

"ते बोलून राह्यले होते ते चाललं असतं, बाई," ती म्हणाली. "नाव काऊन घेतलं त्याईनं चारचौघात?"

"वेडी आहेस का तू? तुझ्यासाठी तो माणूस सगळ्या गावापुढे उघडा झाला."

"मले ठाव हाय." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "या घरात आल्यापासून मले नावानं कोणी हाक मारली नाई. आमचे हे, गेलेले, ते 'ए' म्हणत. मंग पायाळू, पायाळू. त्या दिशी त्याईनं नाव घेतलं तं मले पह्यले समजलंच नाई कोणाले बलावते म्हणून." तिने पदर दातात धरला. "आन् समजलं तवा मले बरं वाटलं, बाई. तिकडं त्याईचा जीव जाऊन राह्यला होता, आन् मले बरं वाटलं. दुसऱ्यांदा म्हणावं म्हणून म्या उभीच राह्यली."

ती रडू लागली. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर अंगणात लोक अजून दादाचं कौतुक करत होते.